जुळवण्याकडून मोजण्याकडे

घरच्या घरी गाडीचे ब्रेक सांभाळण्याची सवय गेल्या साठेक वर्षांत मोडीत निघाली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात मालकाला ब्रेकला हात लावावाच लागे, कारण चारही चाकांना ड्रम होते. लायनर झिजले की पेडल खाली जाई आणि ते वर आणायला चाक उचलून अ‍ॅडजस्टर फिरवावा लागे. चाक जाम होईपर्यंत आवळायचं, मग ते मोकळं फिरेल इतपतच सैल करायचं. जॅक, पाना आणि जाड स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर भागे. पुढे मारुतीच्या पिढीबरोबर पुढच्या चाकांना डिस्क रूढ झाल्या, मागचे ड्रम स्वतःच जुळवून घेऊ लागले आणि हे काम संपलं. संपलं ते जुळवणं. झीज कुठे थांबली? डिस्कचा पॅड झिजला तरी पिस्टन पुढे सरकून ती जागा भरून काढतो, पेडल जवळपास तसंच राहतं. जुनी गाडी पायाला तक्रार सांगे. नवी गाडी बरेचदा गप्प राहते. म्हणून मालकाचं काम आता मोजण्याचं आहे.

हे सर्वांत जास्त लागू होतं ब्रेक ऑइलला, आणि दुर्लक्षही तिथेच सर्वांत जास्त. ग्लायकॉलवर आधारलेलं हे द्रव हवेतली ओल शोषतं. ताजं ‘डॉट 4’ प्रतीचं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मानकाप्रमाणे ही मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. लांब घाट ब्रेकवरच उतरताना पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता कॅलिपरपर्यंत पोचते, द्रव उकळलं तर वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्या, सह्याद्री चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांसाठी हे पुस्तकी ज्ञान नव्हे. अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात, ते त्यामुळेच. त्यासाठीची पद्धत मात्र सोपी होत गेली. पूर्वी एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाशी बसून जुनं ऑइल आणि हवा बाहेर सोडणारा निपल उघडायचा-मिटायचा; आता एकाच दिशेने वाट देणाऱ्या झडपेची नळी किंवा हातपंप असला की एकट्यानेही हवा निघते. दुसरी सुधारणा मला याहून मोलाची वाटते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ड्रम उघडला की धूळ हवेच्या झोताने उडवायची पद्धत होती. ती धूळ थेट फुप्फुसात जाई. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसणं आज स्वस्त आणि सहज आहे, आणि लायनर कुठलाही असो, तेच करायला हवं.

ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ, तो वर्कशॉपवरच सोडावा, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे, पण उघडण्याच्या कामांपुरता. चाक काढून गाडी घोडीवर टेकवणं (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही), पॅडची जाडी पाहणं, डिस्कच्या कडेला आलेली धार तपासणं, रबरी होजला तडे आहेत का ते बघणं यात ऑइलची एकही वाट उघडत नाही. पॅडचं घर्षणद्रव्य दोन-तीन मिलिमीटरवर आलं की बदलायची वेळ झाली. डिस्कची किमान जाडी तर बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. सर्व्हिसिंग वर्षातून एक-दोनदा होतं. झीज त्या तारखांची वाट पाहत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सचा आक्षेप अधिक भक्कम आहे. एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, आणि काही मॉडेलांत हँडब्रेकची जागा बटणाने घेतली. तिथे मागच्या कॅलिपरमध्ये मोटर असते. ती आधी सर्व्हिस मोडमध्ये मागे न घेता सी-क्लॅम्पने पिस्टन रेटला तर यंत्रणा मोडू शकते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायलाही अनेकदा स्कॅनर लागतो. अशी गाडी ज्याची आहे त्याने मोजमाप घरी करावं, दुरुस्तीसाठी गाडी गॅरेजला न्यावी, आणि नेताना कुठल्या चाकाचा पॅड किती उरला आहे हे कागदावर लिहून द्यावं.