उन्हाळ्याची झळ व डुकरिणीचें वेत

पावसाळ्यांत डुकरीण चार-दोनच पिलें व्याली, म्हणजे मालक तिला दोष देऊन बाजाराची वाट दाखवितो. आमची विनंती अशी कीं, तत्पूर्वीं त्यानें दिवसांची गणती करावी.

डुकरिणीचा गर्भकाल सुमारें ११४ दिवसांचा. म्हणजे तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवस. १ मे रोजीं फळविलेली मादी २३ ऑगस्टच्या सुमारास विते. सबब लहान वेताचें कारण पुष्कळदां उन्हाळ्यांतच सांपडतें.

डुकरास घाम जवळजवळ येत नाहीं. फळविल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत मादीस झळ लागल्यास कांहीं गर्भ पोटांतच जिरतात. अखेरच्या पंधरवड्यांत लागल्यास मृत पिलें जन्मण्याचा धोका वाढतो. नराचें वीर्यही बिघडतें, व तो दोष उष्मा सरल्यावरही कांहीं आठवडे राहतो.

उपाय अल्प खर्चाचे आहेत. छपरावर गवत घालावें, वारा खेळता ठेवावा, दुपारीं अंगावर पाणी शिंपडावें व पिण्याचें पाणी सदैव भरलेलें असावें. खुराक व फळविणें पहाटे किंवा सायंकाळीं उरकावें.

माज सुमारें दर २१ दिवसांनीं येऊन दोन-तीन दिवस राहतो. फळविल्याची तारीख लिहून ठेवावी व १८ व्या दिवसापासून २४ व्या दिवसापर्यंत मादी पुन्हां माजावर येते काय, तें पाहावें. पिलें तोडल्यावर बहुधा ४ ते ७ दिवसांत माज येतो. पाजती मादी उन्हानें कमी खाऊं लागली तर तो लांबतो.

ज्याच्या वहींत या तारखा आहेत, तो शेतकरी उन्हाचा दोष मादीच्या माथीं मारून चांगलें जनावर नाहक विकणार नाहीं.