दूरसंचार यंत्रणेतील कार्यभार नियंत्रण व प्रक्रियाक्षमतेची वाटणी

प्रस्तावना :
दूरध्वनी केंद्रात प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र मार्ग राखून ठेवलेला नसतो. सर्व ग्राहक एकाच वेळी बोलत नाहीत, या गृहीतकावर मर्यादित वाहिन्या व प्रोसेसरची क्षमता सर्वांमध्ये वाटली जाते. हे गृहीतक कोलमडते तेव्हा यंत्रणेने कोणते काम स्वीकारावे व कोणते नाकारावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एकत्रित क्षमतेचा लाभ :
कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील डॅनिश गणिती ए. के. एरलांग यांनी १९१७ मध्ये मागणी, वाहिन्यांची संख्या व नाकारल्या जाणाऱ्या कॉलचे प्रमाण यांचा संबंध सूत्रबद्ध केला. दूरध्वनी भाराचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १० वाहिन्यांवर १० एरलांग भार आल्यास सुमारे २१ टक्के कॉल नाकारले जातात. असे दोन संच एकत्र करून २० वाहिन्यांवर २० एरलांग भार दिल्यास हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर येते. एकही वाहिनी न वाढवता केवळ वाटणीतून हा लाभ मिळतो.

अतिभाराचे स्वरूप :
प्रोसेसरपुढे कामांची रांग लागते. रांगेच्या सर्वांत साध्या गणिती प्रतिमानानुसार ५० टक्के भार असताना कामास लागणारा सरासरी एकूण वेळ मूळ वेळेच्या दुप्पट असतो. ९० टक्क्यांना तो दहापट, तर ९५ टक्क्यांना वीसपट होतो. कंटाळलेला ग्राहक पुन्हा क्रमांक फिरवतो. अर्धवट सोडलेल्या कॉलवरील श्रम वाया जातात आणि मागणी आणखी वाढते. परिणामी प्रोसेसर पूर्ण व्यग्र असूनही पूर्ण होणारे कॉल घटतात.

नियंत्रणाचे उपाय :
यासाठी नवे कॉल प्रारंभीच मर्यादित करणे, आणीबाणीच्या कॉलना अग्रक्रम देणे व देखभालीची कामे लांबणीवर टाकणे हे उपाय योजले जातात. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या जाळ्यातील ११४ केंद्रे सॉफ्टवेअरमधील दोषामुळे एकमेकांच्या संदेशांनी वारंवार बंद पडू लागली. सुमारे नऊ तासांनी, संदेशांचा भार कमी केल्यावर जाळे स्थिरावले.

निष्कर्ष :
वेळीच दिलेला नकार स्वीकारलेल्या कामाचे रक्षण करतो. मात्र नकार कोणाला द्यावा, हे केवळ गणिताने ठरत नाही. रुग्णवाहिकेसाठीचा कॉल व सणाच्या शुभेच्छांचा कॉल प्रोसेसरला सारखेच श्रम देतात. त्यांतील अग्रक्रम समाजाने आधीच निश्चित करावा लागतो.