आजी, ट्रक दिसला का?

दोस्तांनो, एक कोडं सोडवा बरं. आजीला अख्खा हरिपाठ तोंडपाठ आहे. आजोबांना पावकी, निमकी, दीडकीचे पाढे अजूनही धडाधड येतात. गुरुजींनी लहानपणी घोटून घेतलेले पाढे, ते कसले विसरतायत! मग याच दोघांना चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, दुपारची गोळी घेतली की राहिली, हे का आठवत नाही? एवढं मोठं पाठांतर पेलणाऱ्या मेंदूला चष्म्याची जागा लक्षात ठेवणं म्हणजे किती किरकोळ काम!

गंमत इथेच आहे. मेंदूत ‘आठवण’ नावाची एकच पेटी नसते. पाठ केलेलं म्हणून दाखवणं हे एक काम, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी आपण काय केलं ते आठवणं हे अगदी वेगळं काम. त्यातून मेंदूचा स्वभाव असा, की ज्याचा सराव होतो त्यात तो तरबेज होतो, शेजारच्या कामात होईलच असं नाही. हरिपाठ रोज म्हटला की हरिपाठ पक्का होतो. चष्मा हरवायचा तो हरवतोच.

मग म्हातारपणी मेंदूला असा काही सराव देता येईल का, की ज्याचा उपयोग रोजच्या जगण्यात होईल? म्हणजे बसची पाटी वाचणं, सुटे पैसे मोजणं, औषधाच्या बाटलीवरची सूचना समजून घेणं, रस्ता ओलांडणं. हा प्रश्न आपल्या पिंपरी-चिंचवडसाठी फार जवळचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मग टेल्को आली, म्हणजे आजची टाटा मोटर्स. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार व्हायला लागल्या. साताऱ्याहून, सोलापूरहून, खानदेश-मराठवाड्यातून तरुण मुलं कामाला आली, कामगार वसाहतींत राहिली, इथलीच झाली. त्यांच्या कष्टांवर हे शहर वाढलं आणि १९८२ मध्ये त्याची महानगरपालिका झाली. तेव्हा लेथवर आणि प्रेसवर उभे राहणारे ते तरुण आज सत्तरी-पंचाहत्तरीचे आजोबा आहेत. विरंगुळा केंद्रात कॅरम खेळताना दिसतात ना, तेच!

नेमकं त्यांच्याच वयाच्या माणसांवर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. नाव ‘ॲक्टिव्ह’. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात सहा ठिकाणचे सुमारे २८०० आजी-आजोबा होते. सगळे ६५ वर्षांच्या पुढचे, सरासरी वय ७४. सगळे आपापली कामं आपण करणारे, धडधाकट.

शास्त्रज्ञांनी त्यांचे चार गट केले. ‘तुम्हाला कुठला आवडेल?’ असं विचारून नाही हं, अगदी चिठ्ठ्या टाकल्यासारखे! कारण विचारलं असतं तर सगळे हुशार, उत्साही लोक एकाच गटात शिरले असते आणि मग तो गट पुढे गेला तो सरावामुळे की मुळातच हुशार होता म्हणून, हे कधीच कळलं नसतं. पहिल्या गटाला लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या, याद्या आणि गोष्टी कशा ध्यानात ठेवायच्या त्या. दुसऱ्या गटाला मालिका ओळखायला शिकवलं: अमुक अक्षरानंतर अमुक आलं, तर पुढे काय येईल? तिसऱ्याला संगणकावरचा एक चपळाईचा खेळ दिला. आणि चौथ्या गटाला काहीच शिकवलं नाही. तुम्ही म्हणाल, हा अन्याय झाला! पण या चौथ्या गटाशिवाय तुलना कशाशी करणार? मला तर सगळ्या प्रयोगात हाच गट सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आता तो संगणकाचा खेळ बघू, कारण खरा नवलाचा भाग तिथे आहे.

आधी एक गोष्ट करून बघा. या ओळीतल्या ‘नवल’ या शब्दावर नजर खिळवा आणि डोळे जराही न हलवता याच ओळीच्या टोकाचा शब्द वाचा. नाही ना जमत? डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसतो तो फक्त मधला चिमुकला भाग, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा. बाकीचं सगळं अंधूक. तरी आपल्याला सगळंच स्वच्छ दिसतंय असं वाटतं, कारण डोळे एका सेकंदात दोन-तीनदा इकडून तिकडे उडी मारतात आणि मेंदू ते तुकडे जोडत राहतो.

पण कडेचं अंधूक दिसणंही फार कामाचं असतं. समोर सिग्नलकडे बघताना डावीकडून काहीतरी येतंय, हे त्यानेच कळतं. एका नजरेत, मान आणि डोळे न हलवता, जेवढ्या भागातलं आपल्या ध्यानात येतं, त्याला मी ‘नजरेचं अंगण’ म्हणेन. वय वाढलं की अनेकांचं हे अंगण आक्रसत जातं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या आजोबांचंही आक्रसतं! कारण दोष डोळ्यांत नसतोच मुळी. डोळ्यांनी आणलेली खबर मेंदू किती झटकन हाताळतो आणि दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देऊ शकतो का, यावर ते ठरतं.

अलाबामा विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कार्लीन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अंगणासाठी खेळ तयार केला. पडद्याच्या मधोमध एक चित्र चमकतं: मोटार किंवा ट्रक. त्याच क्षणी पडद्याच्या कडेला कुठेतरी आणखी एक मोटार चमकते. लगेच दोन्ही गायब! आता सांगा, मधे काय होतं, मोटार की ट्रक? आणि कडेची मोटार कुठे होती? चाकणच्या मुलांना हे ऐकून हसू येईल. त्यांच्या रस्त्यावर दिवसभर हाच खेळ चालू असतो, फक्त तिथे मोटारी आणि ट्रक खरे असतात.

उत्तरं बरोबर यायला लागली की संगणक चित्रं आणखी कमी वेळ दाखवतो. सुरुवातीला अर्धा सेकंद, मग पाव, मग त्याहून कमी. एका सेकंदाचे साठ तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याइतकाच वेळ, इथवर हे जाऊ शकतं. पुढे कडेला गोंधळात पाडणाऱ्या त्रिकोणांची गर्दीही येते. म्हणजे खेळ कधी सोपा होऊन कंटाळवाणा होत नाही आणि एकदम अवघड होऊन माणूस हिरमुसतही नाही. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या हद्दीपाशी नेऊन ठेवतो. अशी तासा-सव्वा तासाची दहा सत्रं, पाच-सहा आठवड्यांत. काही जणांना पुढे अकराव्या आणि पस्तिसाव्या महिन्यात थोडी उजळणी. बस्स, एवढंच.

आणि निकाल? सराव संपल्या संपल्या चपळाईच्या गटातले शंभरातले ८७ जण त्या कामात पक्के सुधारले होते. मालिकावाले ७४. आणि लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकलेले? फक्त २६. दहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा युक्त्यांचा फायदा पुसला गेला होता. मालिका आणि चपळाई मात्र टिकून होती. दहा वर्षं, दोस्तांनो! तुमच्यापैकी कित्येकांचं तेवढं वयसुद्धा नाही.

असं का व्हावं? काही शास्त्रज्ञांना वाटतं की युक्त्या मुद्दाम आठवून वापराव्या लागतात, तर चपळाई सायकल चालवण्यासारखी अंगात मुरते. एकदा मुरली की विचार करावा लागत नाही. हा अंदाज मला पटतो, पण तो अंदाज आहे, हे ध्यानात ठेवा.

आता खरा प्रश्न. खेळात पुढे गेले, ठीक. पण जगण्यात? शास्त्रज्ञांनी दोन तऱ्हांनी पाहिलं. एक, लोकांनाच विचारलं: स्वयंपाक, खरेदी, औषधं, पैशांचा हिशेब, हे करताना तुम्हाला किती अडचण येते? दहा वर्षांनी सराव केलेल्या तिन्ही गटांतले शंभरातले सुमारे ६० जण ‘पहिल्याइतकंच जमतं किंवा त्याहून बरं जमतं’ या पायरीवर होते. सराव न केलेल्यांतले सुमारे ५०. दुसरी तऱ्हा, घड्याळ लावून प्रत्यक्ष कामं करून घेतली: फोनच्या यादीतून नंबर शोधा, सुटे पैसे मोजा, डब्यावर कुठले जिन्नस लिहिलेत ते वाचा, औषधावरची सूचना वाचा. त्यात मात्र दहा वर्षांनी गटागटांत ठळक फरक दिसला नाही. लोक म्हणतात एक आणि घड्याळ दाखवतं दुसरं! शास्त्रज्ञांनी दोन्ही निकाल लपवाछपवी न करता छापले. मला त्यांचं फार कौतुक वाटतं ते यासाठी.

रस्त्यावरचा निकाल मात्र जोरदार होता. मोटार चालवणाऱ्या आजी-आजोबांमध्ये, चपळाईचा किंवा मालिकांचा सराव केलेल्यांच्या हातून स्वतःच्या चुकीने होणारे अपघात सराव न केलेल्यांच्या मानाने जवळपास निम्मे झाले. आणि २०१७ मध्ये आणखी एक निकाल आला: चपळाईच्या गटात दहा वर्षांत डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होण्याचा धोका २९ टक्के कमी दिसला. ज्यांनी जास्त सत्रं केली, त्यांचा धोका आणखी कमी. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभर माणसांतल्या सुमारे सात जणांना हा आजार आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. म्हणजे तब्बल ८८ लाख आजी-आजोबा. म्हणून एवढासा खेळही एवढा मोलाचा.

पण थांबा! लगेच आजोबांच्या मोबाइलवर ‘ब्रेन गेम’ भरायला धावू नका. २०१० मध्ये बीबीसीच्या मदतीने इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी ११,४३० माणसांना सहा आठवडे मेंदूचे खेळ खेळायला दिले. सगळे त्या त्या खेळात सुधारले. बाकीच्या परीक्षांत? फायदा जवळजवळ शून्य. पुन्हा आपला हरिपाठ आणि चष्मा! हे लोक १८ ते ६० वयाचे होते आणि खेळही वेगळे होते, हे खरं. पण ‘संगणकावरचा कुठलाही खेळ मेंदू तल्लख करतो’ ही समजूत त्याने मोडीत निघाली. लुमोसिटी नावाचे खेळ विकणाऱ्या कंपनीने ‘आमच्या खेळाने विसराळूपणा लांबणीवर पडतो’ अशी जाहिरात केली होती. पुरावा पुरेसा नव्हता, म्हणून २०१६ मध्ये तिला अमेरिकी सरकारच्या आयोगाला २० लाख डॉलर भरावे लागले. जाहिरात करणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: चौथा गट होता का?

संगणकाशिवायचा एक शोध आपल्याकडे हैदराबादमध्ये लागला, तोही सांगतो. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, अगदी कधी शाळेत न गेलेल्यांमध्येसुद्धा! आपल्या कारखान्यांत मराठी, हिंदी, कानडी, तेलुगू एकाच दिवसात बोलणारे आजोबा कितीतरी. अर्थात इथे कुणी चिठ्ठ्या टाकून भाषा वाटल्या नव्हत्या, त्यामुळे हा पुरावा ‘ॲक्टिव्ह’इतका भक्कम नाही.

चला, आता नजरेचं अंगण आपण घरीच बघू. तिघं लागतात. आजीला खुर्चीत बसवा. तुम्ही समोर दोन हात अंतरावर उभे राहा आणि सांगा, ‘आजी, फक्त माझ्या नाकाकडे बघ.’ दादा किंवा ताई तुमच्या पाठीमागे उभी राहील. तुम्ही ‘आता!’ म्हणताच नाकासमोर एक किंवा दोन बोटं दाखवून झटकन मूठ मिटायची, आणि त्याच क्षणी ताईने डावा किंवा उजवा हात बाहेर काढून लगेच आत घ्यायचा. आता आजीने सांगायचं: बोटं किती? हात कुठल्या बाजूला? दहा वेळा करा, बरोबर उत्तरं वहीत लिहा. मग तुम्ही खुर्चीत बसा आणि आजीला बोटं दाखवू द्या. टीव्ही चालू ठेवून पुन्हा करा, काय फरक पडतो बघा. हा उपचार नाही बरं का. शास्त्रज्ञ काय मोजत होते, ते अनुभवण्याची ही एक तऱ्हा.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. आजोबा रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकायला लागले, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागले, किंवा पैशांच्या साध्या हिशेबात अडखळायला लागले, तर खेळ शोधू नका, आईबाबांना सांगा आणि डॉक्टरांकडे न्यायला लावा. आणि मेट्रोच्या स्टेशनवर आजी तिकिटाच्या मशीनसमोर उभी राहिली, की मधे हात घालून पटापट बटणं दाबून मोकळे होऊ नका. शेजारी उभे राहा, हवं तर वाचून दाखवा, पण बटण तिलाच दाबू द्या. मागे रांग लागली तरी चालेल.