महाधमनीचा फुगवटा आणि मापाचा स्टेंट ग्राफ्ट

हृदयातून निघालेली महाधमनी पोटात उतरते तेव्हा तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. वय, धूम्रपान, रक्तदाब यांमुळे तिची भिंत कमजोर होऊन फुगते. बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. साध्या सोनोग्राफीत मात्र दिसते. फुटली की बहुतेक रुग्ण दगावतात. थोर शास्त्रज्ञ आईन्स्टाईन १९५५ साली याच विकाराने गेले.

पूर्वी पोट उघडण्याखेरीज इलाज नव्हता. १९९० साली अर्जेंटिनातील डॉ. हुआन पारोदी यांनी जांघेतील धमनीवाटे कापडी नळी आत सरकवून धातूच्या जाळीने ती भिंतीला टेकवली. रक्त नळीतून वाहू लागले, फुगवट्यावरचा दाब ओसरला.

पण सर्वांची घडण सारखी कुठे असते? नळीला पकड घ्यायला मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली सुमारे दीड सेंटिमीटर निरोगी भाग लागतो. कुणाचा तो आखूड, कुणाचा वाकडा. नळी वर सरकवावी, तर मूत्रपिंडांचे रक्तच तुटते! यावर तोड म्हणजे खिडक्यांचा ग्राफ्ट. सीटी स्कॅनवरून मिलिमीटरमध्ये माप घेतात, शिंपी काजे करतो तशी कापडात भोके ठेवतात आणि त्यांतून छोटे स्टेंट मूत्रपिंडाच्या धमन्यांत बसवतात. (खिडकीमागे जन्म गेलेल्या माझ्यासारख्या बँक कारकुनाला ही कल्पना फार भावली.) काहींची दोन्ही मूत्रपिंडे घोड्याच्या नालासारखी जोडलेली असतात आणि त्यांना बहुधा जादा धमन्याही असतात. तेथे कोणती राखायची, हे आधीच ठरवावे लागते.

अडचण वेळेची. मापाचा ग्राफ्ट तयार व्हायला काही आठवडे लागतात. फुटलेली धमनी तेवढी थांबत नाही. बसवल्यावरही नियमित तपासणी सुटत नाही, कारण कडेने रक्त झिरपून फुगवटा पुन्हा वाढू शकतो.