जकात : दान नव्हे, हिशेब

जकात म्हटले की आपल्याला नाक्यावरचा कर आठवतो. शब्द तोच, पण इस्लाममधील जकात म्हणजे धनवानाच्या संपत्तीतील गरिबाचा ठरलेला वाटा. मी तिला दान म्हणत नाही. दानात देणाऱ्याची मर्जी चालते, येथे हिशेब चालतो.

राहते घर, भांडीकुंडी, कारागिराची हत्यारे यांवर जकात नाही. हनफी रीतीने रोकड, सोने-चांदी व विक्रीचा माल यांच्या बेरजेतून देणे वजा करावे. बाकी ‘निसाब’ इतकी वा अधिक असून चांद्रवर्ष लोटले, की चाळिसावा भाग द्यावा. दुकानदाराची रोकड ३ लाख, माल १ लाख ८० हजार, कर्ज ८० हजार. बाकी ४ लाख, जकात १० हजार.

खरा वाद निसाबाचा आहे. जुन्या मापाने साडेसात तोळे सोने (सुमारे ८७ ग्रॅम) की साडेबावन्न तोळे चांदी (सुमारे ६१२ ग्रॅम)? पैगंबरांच्या काळी दोहोंचे मोल जवळपास सारखे होते. आज सोने कितीतरी महाग. सोन्याचे माप धरले तर वरचा दुकानदार सुटतो, चांदीचे धरले तर देणेकरी ठरतो. गरिबांना अधिक मिळावे म्हणून अनेक हनफी उलेमा चांदी धरतात. पण याच मापात आजारपणासाठी थोडी शिल्लक टाकणारी मोलकरीणही सापडू शकते. म्हणून निसाब ठरवताना ओझे कोणावर पडते, हे आधी पाहिले पाहिजे, असे मी मानतो.