धम्मसहलीची बस: चाळीसगावच्या टांग्यापासून समृद्धी महामार्गापर्यंत

अशोक विजयादशमी जवळ आली की वस्त्यावस्त्यांत बसची चर्चा सुरू होते. किती माणसे होतील, बस कुणाची ठरवायची, माणशी किती वर्गणी पडेल? पुढे ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. मध्ये सुट्टी मिळाली तर वेरूळ, अजिंठा, कार्ले, भाजे. बौद्ध समाजाचे वर्षभराचे वेळापत्रक पाहिले तर आपण किती प्रवास करतो हे ध्यानात येते. यातला बराचसा प्रवास सामूहिक असतो, आणि तो तरुण मंडळे, महिला मंडळे व विहार समित्यांचे कार्यकर्ते स्वतः आखतात.

मात्र या आखणीत बसचे भाडे जेवढे घासून घेतले जाते, तेवढी बस तपासली जात नाही. एका बसमध्ये पन्नास माणसे असतात. त्यांत आजी असते, तान्हे मूल असते, पहिल्यांदाच दीक्षाभूमी पाहायला निघालेली मुलगी असते. त्यांना सुखरूप घरी आणणे ही आयोजकांची जबाबदारी आहे. ती कशी पार पाडायची, हे या लेखात आपण समजून घेऊ. सुरुवात बाबासाहेबांच्याच प्रवासापासून करू.

चाळीसगावचा टांगा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात स्वतःच्या प्रवासातले काही प्रसंग सांगितले आहेत. १९२९ साली अस्पृश्यांवरील अन्यायाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहाखातर ते तिथे उतरले. स्टेशनवर बराच वेळ थांबल्यावर टांगा आला. वाटेत एका मोटारीशी होऊ घातलेली टक्कर कशीबशी टळली. पुढे नदीवरच्या फरशी पुलावर टांग्याचे चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले. घोडा आणि गाडी नदीत कोसळली.

असे का झाले, हे त्यांना नंतर समजले. चाळीसगावचा एकही टांगेवाला अस्पृश्याची गाडी हाकायला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे महारवाड्यातल्या लोकांना सहन होईना. शेवटी तडजोड झाली: मालक टांगा भाड्याने देईल, पण हाकायला माणूस देणार नाही. मग टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला.

अपघात घोड्यामुळे झाला नाही आणि केवळ पुलामुळेही झाला नाही. अनुभवी चालक नाकारला गेला, म्हणून तो झाला. सुरक्षित प्रवास हा माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेला हक्क आहे, हे चाळीसगाव सांगते. लोकांनी आपल्या नेत्याचा मान राखला, पण त्या घाईत त्याच्या जिवाचा विचार मागे पडला, हेही बाबासाहेबांनी त्या प्रसंगाबद्दल नोंदवले आहे. आज एखादे मंडळ नव्या झेंड्यांवर आणि साउंड सिस्टिमवर खर्च करते आणि दुसऱ्या चालकाचे पैसे वाचवते, तेव्हा आपण तीच चूक पुन्हा करत असतो.

१९३४: वेरूळला निघालेली बस

दुसरा प्रसंग थेट सहलीचाच आहे. १९३४च्या सुमारास चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे एखाद्या सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली. सहलीत वेरूळची बौद्ध लेणी असलीच पाहिजेत, असे ठरले. सुमारे तीस जण, एक बस आणि दोन-तीन मोटारी असा ताफा नाशिकहून येवलामार्गे औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे निघाला. आपल्या समाजाच्या लेणी सहलींची परंपरा सांगायची तर तिची सुरुवात इथून धरायला हरकत नाही.

या सहलीचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशांना वाटेत त्रास होईल, म्हणून फक्त मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या लोकांना कळवले होते. तरीही दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून स्थानिक मुस्लिमांनी अडवले, वाद झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, तोही कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

तेव्हा सुरक्षिततेसाठी प्रवास लपवावा लागत होता. आज उलट आहे. आज सुरक्षित राहायचे तर प्रवास लपवू नये. बसचा क्रमांक, मार्ग, चालकाचा फोन, प्रवाशांची यादी आणि परतीची वेळ गावात मागे राहिलेल्या चार जणांकडे असलीच पाहिजे.

शहर पाहायचे ते आपल्या नजरेने

शहर दर्शनाच्या बसमधून मुंबई पाहिली तर गेटवे, हँगिंग गार्डन आणि समुद्रकिनारा दिसतो. दादरचे राजगृह, परळची बीआयटी चाळ किंवा बाबासाहेबांनी उभारलेले फोर्टमधले सिद्धार्थ महाविद्यालय अशा फेरीत सहसा नसते. म्हणून आपल्या मंडळांनी स्वतःचे मार्ग आखायला हवेत. मुंबईत चैत्यभूमी, राजगृह, बीआयटी चाळ आणि कान्हेरी. पुण्याच्या बाजूला देहूरोडचे बुद्धविहार, जिथे १९५४च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, आणि पुढे भाजे, कार्ले, बेडसे. नागपुरात दीक्षाभूमीबरोबर कामठीचे ड्रॅगन पॅलेस आणि बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपणारे चिचोली.

अशा सहलीत एक पथ्य पाळावे. एका दिवसात सहा ठिकाणे कोंबू नयेत. शेवटचे ठिकाण उशिरा होते आणि परतीचा प्रवास रात्री, दमलेल्या चालकाच्या भरवशावर करावा लागतो. गर्दीच्या शहरात सहलीच्या बसला मोठा अपघात होणे त्यामानाने कमी, कारण वेगच कमी असतो. खरा धोका शहर सोडल्यावर सुरू होतो.

रस्ते कुठे दगा देतात

गेल्या काही वर्षांतले चार अपघात नीट पाहिले तर धोक्याची चार वेगवेगळी रूपे दिसतात.

पहिले रूप रात्रीचा महामार्ग. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस धडकून उलटली आणि पेटली. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडायची मुख्य वाटच बंद झाली. २५ जणांचा मृत्यू झाला. जे वाचले, ते काच फोडून बाहेर आले. दीक्षाभूमीहून पश्चिम महाराष्ट्राकडे परतणाऱ्या आपल्या अनेक बस याच रस्त्याने येतात. सरळ, मोकळा, एकसुरी रस्ता चालकाला गुंगी आणतो, आणि रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ झोपेची असते.

दुसरे रूप कार्यक्रमानंतरचा परतीचा प्रवास. १५ एप्रिल २०२३च्या पहाटे पुण्यातला कार्यक्रम आटोपून मुंबईला परतणाऱ्या गोरेगावच्या झांज पथकाची बस बोरघाटात जुन्या महामार्गावरून दरीत कोसळली. १३ जण गेले, त्यांत बहुतेक तरुण होते. तारीख पाहिली तरी आपल्याला हा अपघात किती जवळचा आहे ते समजते. दिवसभराचा कार्यक्रम, रात्रीचे जेवण आणि लगेच घाट, हा क्रम आपल्या जयंती-मिरवणुकांच्या दिवसांत नेहमीचा आहे.

तिसरे रूप घाट. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दरीत गेली. बसमधला एकच जण वाचला. महाडच्या क्रांतिभूमीला जोडून महाबळेश्वर करायचे ठरवले तर हाच घाट लागतो. पुण्याहून महाडला येणारा वरंधा घाटही असाच अरुंद, आणि पावसाळ्यात तो अवजड वाहनांना बंद केला जातो. तेव्हा निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का, याची चौकशी करावी.

चौथे रूप पाणी. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन बस नदीत गेल्या. इथे चालकाचा दोष नव्हता. म्हणूनच पुराच्या काळात सहल पुढे ढकलणे यात कमीपणा नाही.

बस ठरवताना काय पाहावे

घाट उतरताना ब्रेक का निकामी होतात, हे आधी समजून घेऊ. लांब उतारावर चालक सतत ब्रेक दाबत राहिला की ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. म्हणून जुने चालक सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच गाडीला मागे ओढते, ब्रेकवर भार येत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारा चालक दिसला तर त्याला तिथेच थांबवावे.

आता आयोजकांसाठी तपासणी:

१. नंबर प्लेट पिवळी हवी. खासगी पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

२. गाडीचा क्रमांक 'एमपरिवहन' ॲपमध्ये टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. पैसे देण्याआधी हे पाहावे.

३. २०२५पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीचे होते. पुणे-नागपूर अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. थांबे धरून तेरा-चौदा तास सहज लागतात. म्हणजे दोन चालक हवेतच. पोहोचल्यावर चालकाला झोपायला जागा आणि वेळ द्यायची, त्याला गाडी राखत बसवायचे नाही. आपण बुद्धवंदना घेत असताना तो उपाशी आणि जागा असेल, तर परतीच्या प्रवासात त्याचा फटका आपल्यालाच बसेल.

४. संकटकालीन दरवाजा स्वतः उघडून पाहावा. काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, अग्निशामक भरलेला आहे का, ते पाहावे. निघताना सर्वांना हे दोन मिनिटांत दाखवावे.

५. मधल्या वाटेत गाद्या, पिशव्या, भांडी ठेवू नयेत. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर, स्टोव्ह, रॉकेल बसमध्ये अजिबात नको. सामुदायिक भोजनाची आपली पद्धत चांगली आहे, पण तिचे सामान वेगळ्या गाडीने न्यावे.

६. आसनांपेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत. 'मुले मांडीवर बसतील' हा हिशेब बंद करावा.

ट्रक आणि टेम्पोचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. अजूनही काही ठिकाणी लोक मालवाहू गाडीत उभे राहून कार्यक्रमाला येतात. गरिबी हे त्याचे कारण आहे, हे आपण जाणतो. पण मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे जीव गेला तर त्या कुटुंबाला विम्याचा आधारही राहत नाही. वर्गणी कमी पडत असेल तर एक बस कमी करावी किंवा एसटीने जावे, पण टेम्पो नको.

एसटी विसरू नका

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. तिकीट काढणारा प्रत्येक जण शेजारी बसेल, हे चित्र चाळीसगावच्या टांग्यानंतर वीस वर्षांच्या आत उभे राहिले. आपल्या समाजासाठी एसटी ही केवळ सोय नाही. आज नियमित फेऱ्यांत महिलांना निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. मोठ्या गटासाठी आगारात जाऊन प्रासंगिक करारावर पूर्ण बस घेता येते. खासगी बसचा भाव ऐकण्याआधी आगाराचा दर विचारावा. अजिंठ्याला तर फर्दापूर फाट्यापासून लेण्यांपर्यंत एसटीच्याच बसने जावे लागते.

अपघात झालाच तर

१०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. जखमींना मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती सोडावी. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदतकर्त्याला संरक्षण दिले आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. एफआयआर, प्रवाशांची यादी आणि बसच्या करारपत्राची प्रत जपून ठेवावी. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत करावा.

प्रत्येक विहार समितीने आणि मंडळाने दोन तरुणांकडे फक्त ही जबाबदारी सोपवावी. त्यांनी बस तपासावी, कागद पाहावेत, चालकाशी बोलावे आणि काही खटकले तर 'ही बस नको' म्हणण्याचा अधिकार त्यांना असावा. भाडे आधीच ठरले आहे, लोक जमले आहेत, असे म्हणत त्यांचा शब्द डावलू नये.

बाबासाहेबांना चालक नाकारला गेला, तेव्हा आपल्या लोकांच्या हाती दुसरा पर्याय नव्हता. आज कायदा आहे, एसटी आहे, माहिती आहे आणि नकार देण्याची ताकदही आहे. येत्या अशोक विजयादशमीला आपल्या वस्तीतून जितकी माणसे निघतील, तितकीच घरी परततील, एवढे आपण ठरवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!