डिस्कवरचा आकडा वाचा

ब्रेक कुरकुरू लागले की आपण मिस्त्रीला सांगतो, "पॅड बघ." डिस्क बघ, असे कुणी म्हणत नाही. पॅड हा झिजायचा माल आणि डिस्क गाडीबरोबर आली ती गाडीबरोबरच जाणार, असा आपला समज. पण डिस्कही झिजते. किती झिजली की ती टाकून द्यायची, तो आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेलाच असतो. तो वाचायची सवय मात्र आपल्याला नाही.

गेल्या दिवाळीत अक्काकडे मोहगावला गेलो होतो. हे मोहगाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, संत्र्यांच्या मुलखात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे आपल्याकडे घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, तशी त्यांच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. भाचीचे कॉलेज मात्र छिंदवाड्यालाच. त्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट आहे. भाचीने नुकतेच लायसन्स काढले होते आणि दिवाळीनंतर गाडी ती स्वतःच नेणार होती.

भाऊजी म्हणाले, "ब्रेक दाबला का पाय थरथरते. पॅड तर आताच टाकले, मंग काहून?"

पॅड नवे असूनही पेडल थरथरत असेल, तर पहिला संशय डिस्कवर घ्यावा. त्याचे कारण उष्णतेत आहे. ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. हजार किलोची गाडी १०० मीटर उंचीवरून खाली उतरली, तर सुमारे ९.८ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. चुलीच्या हिशेबात सांगायचे, तर तीन लिटर पाणी उकळीला येईल एवढी ही उष्णता. ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी सात वेळा पूर्ण थांबवली तरी तेवढीच होते. घाटात यातला काही भाग इंजिन आणि वारा घेतात, उरलेला ब्रेकवर येतो, आणि त्यातही मोठा वाटा पुढच्या चाकांवर. डिस्क असते बिडाची. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिरोलीत ज्याचे ओतकाम चालते, तेच हे बीड. तवा पातळ झाला की लवकर तापतो, डिस्कचेही तसेच. पातळ डिस्क लवकर तापते, वेडीवाकडी झिजते, तिला चिरा पडू शकतात.

चाक काढले. आमच्या डिस्कवर किमान जाडी १५ मिलिमीटर कोरलेली होती. मोजताना एक फसगत होते. पॅड जिथे घासत नाही, त्या बाहेरच्या काठावर गंजलेली धार उरते. व्हर्नियर त्या धारेवर बसला की जाडी जास्त दिसते. म्हणून धारेच्या आत दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरायचे, एकूण जाडी मोजायची आणि दोन नाण्यांची जाडी वजा करायची. चार ठिकाणी मोजले. सर्वांत कमी निघाली १४.४. नागपूरहून डिस्कची जोडी आणि नवे पॅड मागवले. एकच डिस्क बदलू नये, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू शकते. जुने पॅड जुन्या डिस्कच्या चरांत बसलेले असतात, म्हणून तेही बदलावेत.

उजवे चाक मी केले आणि डावे भाचीने. काम असे चालते. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, मागच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. मग जॅक लावून गाडी लोखंडी घोड्यांवर बसवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. कॅलिपर काढला की तारेने वर बांधावा. रबरी नळीवर लोंबकळू दिला तर नळी आतून फाटू शकते. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

जुनी डिस्क गंजून हबला चिकटली होती. "मामा, हे काहून नाही निघत?" भाची घामाघूम. डिस्कवर आट्यांची दोन भोके होती. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलो, तशी डिस्क आपणहून सुटली. आता सर्वांत महत्त्वाचे. हबचे तोंड ब्रशने घासून लख्ख करावे. तिथे गंजाचा कण जरी राहिला, तरी नवी डिस्क तिरकी बसते आणि काही महिन्यांत पुन्हा थरथर सुरू होते. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेलही ब्रेक क्लीनरने पुसून काढावे. पिस्टन मागे ढकलताना टाकीतले ब्रेक ऑइल वर येते, त्यावर लक्ष ठेवावे. सांडले तर रंग जातो. चाकाचे नट समोरासमोरचे आवळावेत, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने.

शेवटी, गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहावे. हे विसरले तर पहिल्याच वळणावर पाय थेट तळाला जातो. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत हळूहळू वेग उतरवावा, मध्ये थंड होऊ द्यावे. असे आठ-दहा वेळा. त्याने पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळतात.

ऑइल गळत असेल, नळीला चीर असेल, पिस्टन अडकला असेल, तर मात्र हात थांबवावा आणि गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

काम झाल्यावर भाऊजी स्वतः भाचीच्या शेजारी बसून घाटात गेले. उतारावर तिला दुसऱ्या गिअरवर ठेवले आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू दिले नाही. परत आल्यावर म्हणाले, "थरथर गेली. आता पोरगी जाऊ दे."

आपल्याकडच्या रस्त्यांवर कन्नडमध्ये पाटी असते : निधानवे प्रधान. सावकाशपणा मोठा, हे खरेच. पण सावकाश जायलाही ब्रेक धड हवा. आंबोली असो की चोर्ला, पुढच्या वेळी पंक्चरसाठी पुढचे चाक उतरवाल, तेव्हा मिस्त्रीला दोन मिनिटे थांबवा, डिस्कवरचा आकडा वाचा आणि जाडी मोजायला सांगा.